सात नंबरचं काळीज

सायरनचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा ताई सुईत दोरा ओवत होती, आणि तो दोरा काही केल्या सुईच्या नाकात जाईना... पंचवीस वर्षं ज्या बोटांनी डोळे मिटून दोरा ओवला होता, ती बोटं आज जणू परक्याची झाली होती! शिलाई मशीन, कात्री, भिंतीवर टांगलेली गिऱ्हाइकांची अर्धवट कापडं, सगळं एकदा पुढे आलं, एकदा मागे गेलं. आणि तिच्या व्याकूळ अंतःकरणातून एकच प्रार्थना उमटली... नऊ दिवस! देवा, फक्त नऊ दिवस दे, मग तुला हवं ते कर!

देवानं ऐकलं असेलही. पण सायरनमुळे त्याला नीट ऐकू गेलं नसावं, कारण रुग्णवाहिका नेमकी तिच्याच दुकानापुढे थांबली.

दोन माणसांनी मागचं दार उघडून स्ट्रेचर उतरवलं. पुढचा उंच होता. तो इस्पितळातला पुरुष-नर्स, ज्याला तिथे सगळे ब्रदर म्हणतात. मागचा ड्रायव्हर.

"सात नंबर कुठेय?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"वर... माझे वडील वर आहेत," ताई म्हणाली. यात तसं खोटं काही नव्हतं. वडील खरोखरच वर होते.

दोघं जिना चढू लागले. ताईही मशीनचा आधार घेऊन उठली, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्यामागून निघाली. घरात कुणी आलं की पाणी द्यायचं, मग तो आपल्याच मरणाची वर्दी घेऊन आलेला का असेना!

वर खिडकीपाशी शहात्तर वर्षांचे अण्णा बसले होते. दोन वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या हृदयविकाराच्या झटक्याचा त्यांच्या चेहऱ्यावर मागमूस नव्हता. हातात लाल पेन्सिल होती आणि वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुकांवर ते गोल काढत होते. आज अकरा सापडल्या होत्या, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"आजोबा, हलू नका! बोलू नका! झोपा!" ब्रदर ओरडला.

"यातलं नेमकं कशाला आधी नाही म्हणू?" अण्णांनी चष्म्यावरून विचारलं.

*

आता हे सगळं कसं जुळून आलं, ते सांगायला हवं.

अण्णांनी तीस वर्षं मालवाहू जहाजांवर बिनतारी संदेशयंत्र चालवलं होतं. कपाटाएवढी खोली, कानाला हेडफोन आणि बोटाखाली तारेची कडकट्ट. बिनतारीवाला म्हणजे ठिणग्या उडवणारा, म्हणून खलाशी त्यांना 'ठिणगीसाहेब' म्हणत. मुलगी झाल्याची तार समुद्रावर पोचली तेव्हा त्यांनी तिचं नाव तिथल्या तिथे ठिणगी ठेवून टाकलं; तीच ही ताई. पुढे मुलगा झाला. तो इतका मोठ्यानं रडायचा, की बंदरात शिरणाऱ्या बोटीची आठवण व्हावी. तो झाला भोंगा. आज तोच भोंगा बिनतारी वैद्यकीय उपकरणांचा नामवंत इंजिनिअर होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला इस्पितळाच्या आवारात राहत होता, आणि तिथे त्याला सगळे अदबीनं 'सर' म्हणत. घरात मात्र पदव्या जिन्याखाली काढून ठेवाव्या लागत.

समुद्रावर त्या काळी एक कायदा होता. दर तासाला दोनदा, मिनिटकाटा पंधरावर आणि पंचेचाळिसावर आला की सगळ्या जहाजांनी तीन मिनिटं गप्प बसायचं आणि नुसतं ऐकायचं. कारण बुडणाऱ्या जहाजाचा आवाज नेहमीच बारीक असतो. गलबल्यात तो बुडून जातो, जहाजाच्याही आधी. त्या तीन मिनिटांत बोलायची मुभा फक्त एकालाच, जो संकटात आहे किंवा जो संकटातल्याला उत्तर देतोय.

अण्णा निवृत्त झाले, पाठोपाठ ते यंत्रही निवृत्त झालं. पण तो कायदा घरी पेन्शनीत आला. घड्याळ पंधरावर आलं की अण्णा हात वर करीत आणि घर मुकं होई. पाहुण्यांची वाक्यं अर्ध्यावर अडकत, फोडणी देणारा हात थांबे. भोंग्याला बघायला आलेल्या दोन मुली या शांततेतच नकाराचा निर्णय घेऊन गेल्या, असं नातेवाईक म्हणत. आई होती तोवर ती म्हणायची, "तासातली सहा मिनिटं तरी हा माणूस माझं ऐकल्यासारखा दिसतो, एवढं काय कमी आहे?"

जहाज भंगारात निघालं तेव्हा कप्तानानं अण्णांना त्यांचा रिसीव्हर भेट दिला होता. खोक्याएवढा, करडा, जड... अण्णा रोज त्याच्यावरची धूळ पुसत. चालू मात्र कधी करत नसत. "तो आता ऐकत नाही, आठवतो," म्हणत.

नऊ वर्षांपूर्वी भोंगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. इतके बारीक आवाज हा डबा कसा पकडायचा, हे त्याला बघायचं होतं. अण्णा दवाखान्यात गेलेले पाहून त्यानं रिसीव्हर उघडला आणि त्याची वायर घरच्या प्लगमध्ये खुपसली. जहाजाच्या विजेवर वाढलेलं ते यंत्र! घरातली वीज त्याच्या पचनी पडली नाही. एक निळा भडका, जळका वास... आणि त्या जुन्या कानाची कायमची राख!

"ताई, अण्णा मला घराबाहेर काढतील गं! बारा दिवसांवर परीक्षा आहे..."

त्या क्षणी ताईच्या हृदयात काय काय दाटून आलं असेल! तिचं स्वतःचं शिक्षण आईच्या आजारपणात सुटलं होतं. घर शिलाई मशीनच्या पायडलवर चाललं होतं. आणि हा एक दिवा तेवढा उजळायचा राहिला होता. तिनं तो जळका डबा पोत्यात भरला, दुकानातल्या कापडाच्या ट्रंकेत तळाशी दडवला आणि संध्याकाळी अण्णांसमोर उभी राहिली.

"अण्णा, रिसीव्हर मी भंगारवाल्याला दिला. जागा अडवत होता."

अण्णांनी रिसीव्हरच्या रिकाम्या जागेवरून फडकं फिरवलं. मग म्हणाले, "आजपासून मी तुझ्याशी बोलणार नाही."

आणि नऊ वर्षं बोलले नाहीत!

आता एका घरात राहून बोलायचं नाही, तर चहा कसा मागायचा? पण शपथ बोलण्याची होती, तारयंत्राची नव्हती. अण्णा कपावर चमचा वाजवू लागले. कट्ट, कडकट्ट... चहा. कडकट्ट, कट्ट कट्ट... चष्मा कुठेय. बाराखडीच्या आधी ती लिपी ताई अण्णांच्या मांडीवर बसून शिकली होती. पहिल्या वर्षी चमच्याचा प्रत्येक ठोका तिच्या काळजावर पडे. पुढेपुढे मात्र ती त्या आवाजाची वाट पाहू लागली. चार तास वाजला नाही तर जिना चढून बघून येई. प्रेम तरी कुठकुठल्या वाटेनं येऊन बसतं!

भोंगा परीक्षा पास झाला. 'निकाल लागला की अण्णांना खरं सांगतो,' हे 'नोकरी लागली की'वर गेलं, मग 'घर घेतलं की'वर, मग 'शोध मान्य झाला की'वर. सत्याचा मुहूर्त असा पुढे पुढे सरकत राहिला. ताईनं त्याला एकदाही टोकलं नाही. त्याला तेच जास्त लागत होतं.

त्याचा शोध म्हणजे छातीला बांधायचा एक पट्टा. हृदयाचे ठोके मोजायचे, बिनतारी संदेशानं खिडकीतल्या डबीकडे पाठवायचे, डबीनं इस्पितळाच्या कंट्रोल रूमला कळवायचे. रुग्ण घरी, डॉक्टर तिथे, मध्ये नुसती हवा. कल्पना उत्तम, पण पहिले सगळे पट्टे पंधरवड्यात मुके झाले. माणूस वाकला, वळला, शिंकला की कापडातली तार तुटे. तीन इंजिनिअर तार जाड करत बसले होते.

ताईनं पट्टा हातात घेऊन एकदा ताणून पाहिला. "अरे, तार सरळ कशाला घातलीस? कापड ताणलं जातं, तार जात नाही. नागमोडी टाका घाल. आपण कमरेचं इलॅस्टिक शिवतो तसा."

"आणि एवढी बारीक, वार्निश लावलेली तांब्याची तार कुठून आणू?"

ताईनं ट्रंकेच्या तळातून पोतं काढलं. अण्णांच्या रिसीव्हरमधली एक कॉइल भडक्यातून वाचली होती. केसासारखी तार, पदरावर पदर... पहिले सात पट्टे त्या तारेनं, तिच्या मशीनवर शिवले गेले. तिथून पुढे एकही पट्टा मुका झाला नाही.

नोंदणीच्या अर्जावर मात्र 'शोधक' या रकान्यात एकच नाव गेलं. भोंग्यानं विचारलं होतं, "ताई, तुझंही लिहू?" ती हसून म्हणाली, "शिंप्याचं नाव कुणी कोटावर लिहितं का रे?" आणि त्यानं ते ऐकलं! शहाण्या माणसांनाही सोयीचं तेवढं लगेच पटतं.

*

चाळीस रुग्ण, एकशेऐंशी दिवस, नोंदीत एका दिवसाचाही खंड नको, अशी परीक्षण समितीची अट होती. सात नंबरला भोंग्यानं अभिमानानं अण्णांना घातलं. लेकासाठी अण्णांनी कागदावर सही ठोकली, आणि पहिल्याच सकाळी पट्टा खोलीभर भिरकावला.

"जो संदेश मी पाठवला नाही, तो संदेश नव्हे, चहाडी!" ते भिंतीला उद्देशून गरजले, कारण खोलीत फक्त ताई होती. "माझं काळीज माझी चहाडी करणार नाही!"

खाली दुकानातला फोन वाजला. "सात नंबर, नोंद येत नाहीये. पट्टा बांधलात ना?"

भिरकावलेला पट्टा ताई हातातच घेऊन खाली आली होती. अण्णा तो बांधणार नाहीत, हे तिला सूर्य उगवण्याइतकं पक्कं ठाऊक होतं. चाळीसचे एकोणचाळीस झाले, की भोंग्याची सहा वर्षांची तपश्चर्या...

"बांधतेय," ती म्हणाली. आणि तिनं बांधला. स्वतःच्या छातीला!

मग कंट्रोल रूममध्ये आनंदीआनंद झाला. सात नंबरचं हृदय म्हणजे पोलाद! पट्टा हालचालही मोजत असे, त्यामुळे आठवड्यानं तिथल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, तुमचे वडील दिवसातून अठ्ठावीस वेळा जिना चढतात? आणि रोज पाच तास सायकल चालवतात?"

ताईनं मशीनच्या पायडलकडे पाहिलं. "हो... त्यांना बसवत नाही."

"मग त्यांची गोळी निम्मी करू या का?"

"निम्मी करते," ती म्हणाली, आणि अण्णांना जन्मदात्रीच्या काळजीनं पूर्वीचीच पुरी गोळी देत राहिली. दर सोमवारी गुपचूप शेजारच्या दवाखान्यातून त्यांचा रक्तदाब तपासून आणी. खोटं एकदा घरात घेतलं की त्याचंही सगळं करावं लागतं. त्याला वेळेवर जेवू घालावं लागतं.

पाचव्या महिन्यात तिला चक्कर येऊ लागली. आधी सकाळी, मग जिन्यात, मग बसल्या जागी. उपाशीपोटी काम करते म्हणून असेल, असं तिनं ठरवलं. पण पट्ट्याला असं ठरवता येत नव्हतं. धोका दिसला की आधी त्यातला बारीकसा बझर गुणगुणू लागे; धोका वाढला तरच कंट्रोल रूममध्ये घंटा वाजे. ताईनं त्याच्यावर फ्लॅनेलच्या तीन घड्या शिवल्या आणि दिवस मोजू लागली. एकशे सत्तर... एकाहत्तर... पट्टा काढला तर खंड पडेल. डॉक्टरकडे गेलं तर ते आधी पट्टाच काढतील. समिती एकशेऐंशीव्या दिवशी यायची होती.

एकशे एकाहत्तराव्या दिवशी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सायरन आला.

*

ब्रदरनं अण्णांच्या छातीला आपलं यंत्र लावलं होतं. अण्णा त्याला समुद्रावरच्या निवडक शिव्या देत होते. फोन स्पीकरवर होता आणि पलीकडे कंट्रोल रूममधून भोंगा आपल्या नावाला जागत होता.

"नाडी बत्तीस! मध्येमध्ये चार-चार सेकंद ठोकाच नाही! लवकर करा!"

"सर, इथे चौऱ्याहत्तर आहे."

"कसं शक्य आहे? माझ्यासमोर एकतीस दिसतेय! शुद्ध आहे का त्यांना?"

"सर, ते माझ्या खानदानाबद्दल बोलताहेत."

"आवाजात दम आहे?"

"भरपूर."

"मग... पट्टा बघ! पट्टा सैल असेल!"

ब्रदरनं सदरा वर केला. "सर, पट्टाच नाहीये."

"पट्टा?" अण्णा कडाडले. "तो मी पहिल्याच दिवशी भिरकावला! विचारा त्या... विचारा या घरात कुणालाही!"

मग भोंग्याचा चिरका आवाज आला. "मग पाच महिने मी... हे काळीज कुणाचं आहे?"

आणि एकदमच सगळे बोलू लागले. ब्रदर फोनवर, ड्रायव्हर ब्रदरवर, अण्णा दोघांवर, खाली गल्लीत जमलेले शेजारी एकमेकांवर. दारात ताई पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण ओठांपर्यंत आवाज पोचत नव्हता...

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पंचेचाळिसावर आला. अण्णांनी हात वर केला.

"चूप!"

ब्रदर आणि ड्रायव्हर घाबरून गप्प झाले. गल्ली सवयीनं गप्प झाली. आणि मैलोन् मैल दूर, शंभर दिवे लुकलुकणाऱ्या खोलीत एक नामवंत इंजिनिअर वाक्याच्या मध्यावर थांबला, कारण तो शेवटी त्याच घरात वाढला होता.

शांतता पसरली. अगाध, समुद्रासारखी... आणि त्या शांततेत कुठेतरी काहीतरी गुणगुणत होतं. फ्लॅनेलच्या तीन घड्यांखाली कोंडलेल्या माशीसारखं. बारीक. फार बारीक!

ब्रदरला ते ऐकू आलं नाही. ड्रायव्हरलाही नाही. अण्णांची मान मात्र वळली. तीस वर्षं वादळांच्या पलीकडून असे आवाज उचललेला तो कान! ते उठले. छातीला लावलेल्या वायरी तट्तट् सुटल्या. खोली ओलांडून ते दारापाशी आले, ताईसमोर उभे राहिले आणि तिच्या छातीशी कान नेला.

घड्याळात दहा सेहेचाळीस झाले होते. शांततेची दोन मिनिटं अजून बाकी होती. आणि ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ती शांतता एकदाही मोडली नव्हती, त्याच्या तोंडून नऊ वर्षांनी शब्द फुटला...

"ठिणगे!"

ताईच्या हातातला पेला पडला. "अण्णा... तुम्ही बोललात..." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "नऊच दिवस राहिले होते हो..."

आणि ती कोसळली. पण खाली पडली नाही. शहात्तर वर्षांच्या हृदयरोग्यानं तिला दोन्ही हातांवर झेललं होतं.

"ऐकत काय बसलात?" अण्णा गरजले. "जहाज बुडतंय माझं!"

आणलेलं स्ट्रेचर रिकामं परत गेलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं डोळे उघडले तेव्हा तिच्या गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसला होता आणि उशाशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"सायकलपटू आजोबा तुम्हीच का?" त्यांनी विचारलं. मग त्यांचा आवाज बदलला. "नऊ दिवस थांबणार होतात म्हणे. बाई, मी नऊ तासांचीही हमी दिली नसती."

पायाशी भोंगा बसला होता. डोळे सुजलेले, मांडीवर कागदांचा भला मोठा गठ्ठा. सात नंबरच्या सगळ्या नोंदी.

"ताई," तो म्हणाला, "दर रविवारी अकरा वाजता मी घरी फोन करायचो, तू उचलायचीस, आणि अण्णा शेजारी ऐकत असतील असं मला वाटायचं. दर रविवारी अकरा वाजता सात नंबरचे ठोके बहात्तरवरून एकशे दहावर जायचे. मी सगळ्यांना दाखवायचो गं... बघा, माझ्या अण्णांचं माझ्यावर किती प्रेम आहे! त्या कागदावर मी रडलोय, ताई." त्यानं कागद तिच्या हातात दिला. "आणि ते काळीज तुझं होतं!"

"फोनची रिंग फार मोठी आहे रे," ताई पुटपुटली. "दचकायला होतं."

"आता तरी खोटं बोलू नकोस! तुझ्या छातीला आता माझाच दुसरा पट्टा आहे!"

खिडकीशी पाठ करून अण्णा उभे होते. भोंगा उठला, त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला. नऊ वर्षं पुढे सरकत आलेला मुहूर्त आज दारात येऊन थांबला होता.

"अण्णा, रिसीव्हर ताईनं भंगारात दिला नाही. मी जाळला. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी... मी ते चालू दिलं."

अण्णा वळले. खोलीतल्या तिघांनी श्वास रोखला. त्यातल्या एकीचा मोजलाही जात होता.

"कुठली वीज दिलीस?" अण्णांनी विचारलं.

"घरची. प्लगमधली."

"गाढवा! त्याला जहाजाची लागते! एकशे दहा, डीसी! शेंबड्या खलाशालाही कळतं!" त्यांचा हात उगारला गेला, आणि मग तो हात भोंग्याच्या खांद्यावर पडून तिथेच राहिला. "कॉइल? पहिली कॉइल तरी वाचली का?"

ताईनं उशाशी काढून ठेवलेला सात नंबरचा जुना पट्टा उचलला. शिवणीचा एक टाका नखानं उसवला. आतून केसासारखी तांब्याची तार नागमोडी चमकली.

अण्णांनी चष्मा वर केला, पट्टा डोळ्यांपाशी नेला. त्या तारेचा रंग त्यांना ओळखीचा होता. तीस वर्षांची संगत होती!

"म्हणजे माझा रिसीव्हर..."

"चालू आहे, अण्णा," ताई हळूच म्हणाली. "आता तो पाठवतो."

अण्णा पलंगाच्या कडेवर बसले. मग त्यांनी लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"दर तासाला सहा मिनिटं, पोरी... दर तासाला! बारीक आवाज ऐकू यावा म्हणून मी अख्खं घर गप्प बसवलं. आणि माझ्याच घरात, माझ्याच जिन्याखाली एक जहाज नऊ वर्षं मला हाक मारत होतं... मी चमचा वाजवत बसलो!"

"चमचा मला आवडायचा, अण्णा."

"खोटं!"

"यंत्राला विचारा," ताई म्हणाली. भोंग्यानं पलंगाजवळच्या पडद्याकडे पाहिलं. बहात्तर. स्थिर. ती खरंच बोलत होती. आणि ते पाहून तो इंजिनिअर पुन्हा एकदा भोंग्यासारखा रडला.

*

परीक्षण समितीपुढे भोंग्यानं काहीही लपवलं नाही. समितीचे अध्यक्ष फार काटेकोर गृहस्थ होते. त्यांनी सात नंबरच्या नोंदी दोनदा वाचल्या आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या यंत्रानं भलत्या माणसाचं अचूक निदान केलं."

"हो, साहेब."

"नियमाप्रमाणे सात नंबर बाद. पुन्हा एकशेऐंशी दिवस." मग त्यांनी चष्मा काढला. "एक विचारतो. पेशंट पट्टा लपवत होता, आजार लपवत होता, आवाज लपवत होता, आणि तरी याला कळलं. माझ्या आईसाठी असा पट्टा कधी मिळेल?"

नवा सात नंबर म्हणून अण्णांनी स्वतः नाव दिलं. "ही चहाडी नव्हे, संदेश आहे," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला पटवून देत. पट्टा काढून आंघोळ करायची असते, हे त्यांना डॉक्टरीणबाईंनी येऊन समजावावं लागलं. एकशेऐंशी दिवसांत एका दिवसाचाही खंड पडला नाही, आणि पट्ट्याला मान्यता मिळाली. आज तो साडेचार हजार घरांत आहे. कंट्रोल रूममध्ये दर तासाला दोनदा, पंधरावर आणि पंचेचाळिसावर, सगळे तीन मिनिटं बोलणं थांबवून फक्त पडदे बघतात. नियम कुणी केला, असं नवी नर्स विचारते. तेव्हा तिला भिंतीवरचा एक करडा, जळका डबा दाखवतात.

नोंदणीचा अर्ज भोंग्यानं नव्यानं भरला. 'शोधक' या रकान्यात पहिलं नाव ताईचं होतं. दुसरं त्याचं. अण्णांनी लाल पेन्सिल घेऊन तो कागद तीनदा वाचला आणि खाली ठेवला.

"एकही चूक नाही," ते म्हणाले. असं ते पहिल्यांदाच म्हणत होते.

मान्यतेचं पत्र आलं त्या संध्याकाळी ताई दुकान बंद करून वर आली. अण्णांनी सवयीनं कपावर चमचा वाजवला. कट्ट, कडकट्ट...

ताई जागची हलली नाही. "तोंडानं मागा, अण्णा."

अण्णांनी चमचा खाली ठेवला. घसा साफ केला. "ठिणगे..." ते म्हणाले, आणि मग उठून उभे राहिले. "तू बस. मी करतो."

पाच मिनिटांत वरच्या खोलीतला नवा फोन वाजला. पलीकडे भोंगा होता, घाबराघुबरा.

"ताई, काय झालं? तुझा पट्टा एकदम एकशे वीस दाखवतोय!"

"काही नाही रे. अण्णांनी चहा केला."

"प्यायलीस?"

"आत्ताच एक घोट घेतला."

"मग बरोबर आहे," भोंगा म्हणाला. पण फोन ठेववेना. "ताई, गोड तरी झालाय का?"

ताईनं कपात पाहिलं. साखरेच्या जागी मीठ पडलं होतं, भरपूर. समोर अण्णा तिच्या चेहऱ्याकडे श्वास रोखून बघत होते.

"खूप गोड झालाय," ती म्हणाली, आणि दुसरा घोट घेतला.

तेवढ्यात भिंतीवरचा काटा पंचेचाळिसावर आला. अण्णांनी हात वर केला. घर गप्प झालं, गल्ली गप्प झाली, दूरवर फोन कानाला धरलेला भोंगा गप्प झाला. त्याच्यासमोर पडद्यावर दोन रेघा शेजारीशेजारी चालल्या होत्या, एक अण्णांची, एक ताईची. खोटं बोलल्यावर माणसाचे ठोके वाढतात, हे त्याला शास्त्रानं ठाऊक होतं.

ताईची रेघ बहात्तरवर आली होती, आणि तिथेच शांत राहिली.